सेलमची गर्दी आणि रिबेकाचे शेजारी

ऑक्टोबरात सेलमला जाऊ नका. जायचंच असेल तर निदान शनिवार टाळा. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल अर्ध्या तासात पोचवते, पण त्या दिवशी डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि निम्म्या प्रवाशांच्या डोक्यावर काळी टोकदार टोपी होती. जेमतेम 45 हजार वस्तीचं हे गाव, पण एकट्या ऑक्टोबरात तिथं 10 लाख माणसं येतात म्हणे. चेटकिणींचं गाव म्हणून! तिथल्या पोलिसांच्या गाड्यांवरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण रंगवलेली आहे.

मी गेले ती आदल्या रात्री पाहिलेल्या नाटकामुळे. भाचीच्या कॉलेजातल्या मुलांनी आर्थर मिलरचं ‘द क्रुसिबल’ बसवलं होतं, सेलममधल्या जुन्या चेटकीण-खटल्यांवरचं. नेपथ्य म्हणजे चार खुर्च्या आणि एक टेबल. शेवटच्या अंकात आरोपी जॉन प्रॉक्टरसमोर कागद येतो. मी सैतानाशी संधान बांधलं, एवढं लिहून दिलं की फाशी टळणार. तो सही करतो. पण तो कागद चर्चच्या दारावर लावणार हे कळल्यावर फाडून टाकतो, कारण नाव गेलं तर मागं काय उरलं? वीस-एकवीस वर्षांचा तो पोरगा कागद फाडताना खरोखर थरथरत होता. मला रात्री झोप लागली नाही.

मिलर 1952 साली सेलमला येऊन खटल्यांची जुनी कागदपत्रं वाचून गेला आणि जानेवारी 1953 मध्ये नाटक न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आलं. तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट हुडकायची मोहीम जोरात होती. 1956 मध्ये संसदेच्या समितीनं त्याला स्वतःलाच बोलावून इतरांची नावं विचारली. त्यानं ती दिली नाहीत. नाटकासाठी त्यानं इतिहासात फेरफारही केले. आरोप करणारी खरी ॲबिगेल 11 वर्षांची पोर होती, खरा प्रॉक्टर साठीचा. त्यांचं नाटकातलं प्रेमप्रकरण मिलरचंच. पण कबुली दिली की जीव वाचायचा, ही गोष्ट खरी आहे.

ती अशी. 1692 च्या जानेवारीत पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरातल्या दोन मुलींना झटके यायला लागले. मग नावं घेतली जाऊ लागली आणि दीडशेच्या वर माणसं आरोपी झाली. ‘हिचं भूत रात्री येऊन मला चावतं’ हा कोर्टात पुरावा धरला जाई. ज्यांनी कबूल केलं आणि कबुली मागे घेतली नाही, ती फाशीतून वाचली. पॅरिसच्या घरातल्या गुलाम टिटुबानं कबूल केलं, ती जगली. फासावर गेलेली 19 माणसं मरताना ‘आम्ही नाही’च म्हणत होती.

हे डोक्यात घेऊन मी चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीला लागून असलेल्या स्मारकात शिरले. बुटकी दगडी भिंत आणि भिंतीतून पुढे आलेली 20 बाकं, एकेका माणसाचं एकेक. नाव, फाशी, तारीख. बस्स. आत जाताना पायाखालच्या फरशीवर त्यांचे जबाब कोरलेत आणि भिंत ते अर्ध्या वाक्यात तोडते. एलिझाबेथ हाऊ कोर्टात म्हणाली होती, ‘हा माझ्या आयुष्यातला शेवटचा क्षण असला तरी देव जाणतो, मी निर्दोष आहे.’ अशा शब्दांवरून माणसं आइस्क्रीम खात चालली होती.

जाइल्स कोरीच्या बाकावर ‘दडपून मारलं’ असं लिहिलंय. ऐंशीच्या घरातला शेतकरी. खटला चालवायलाच त्यानं संमती दिली नाही, म्हणून अंगावर दगड रचत गेले. कुणी तरी वाहिलेलं फूल त्या बाकावर होतं आणि फुलाला टेकून कॉफीचा अर्धा कप. तो मी उचलून कचऱ्यात टाकला. मग टोप्या घातलेल्या दोघी माझ्यापुढे फोन धरून म्हणाल्या, फोटो काढता का? त्या बसल्या होत्या रिबेका नर्सच्या बाकावर. मी फोन हातात घेतला नाही. भाची अवघडली. “मावशी, अगं त्यांना माहीत नसतं.” नसेलही. पण ‘मी चेटकीण नाही’ म्हणत जी बाई मेली, तिच्या नावावर बसायचं ते चेटकिणीची टोपी घालून? मला ते सहन झालं नाही, आजही होत नाही.

बाकीचं सेलम आम्ही सोडून दिलं आणि टॅक्सीनं डॅनव्हर्स गाठलं. झटके, आरोप, सगळं सुरू झालं ते इथं. तेव्हा याला सेलम व्हिलेज म्हणत. पाद्रीच्या घराचा पाया घरांच्या मागल्या बाजूला आहे, 1970 मध्ये खणून काढलेला. तिथं आमच्याशिवाय कुणी नव्हतं. रिबेकाचं घर अजून उभं आहे. दाखवणारे स्वयंसेवक इतक्या मायेनं बोलले की सेलमचा शीण उतरला.

रिबेका 71 वर्षांची, कानानं कमी ऐकू येणारी. नर्स मंडळींचे, आरोप करणाऱ्या पटनम घराण्याशी जमिनीच्या हद्दीवरून तंटे होतेच. हे ऐकताना मला सातपुड्यातल्या, डाकीण ठरवून मारलेल्या बाया आठवल्या. तिथंही कितीदा मुळात जमीनच असते. आपल्याकडे महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा यायला 2013 उजाडलं, तोही डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर. रिबेकाला ज्युरीनं आधी निर्दोष ठरवलं होतं. मुलींनी आरडाओरडा केला, न्यायाधीशानं तिच्या एका वाक्याचा फेरविचार करायला सांगितला. ज्युरीनं त्या वाक्याचा अर्थ विचारला, तिला प्रश्न ऐकूच गेला नाही, आणि ते गप्प राहणं गुन्हा ठरलं. 19 जुलैला फाशी.

तिच्यासाठी 39 शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या होत्या. शेजारणीची बाजू घेतली की उद्या आपलंच नाव येणार, असे ते दिवस. मिलरच्या नाटकात असा अर्ज येतो आणि न्यायाधीश सही करणाऱ्या सगळ्यांना पकडून आणायला सांगतो. प्रत्यक्षातल्या सह्यांमध्ये एक जोनाथन पटनमची आहे. रिबेकाविरुद्ध तक्रार नोंदवणाऱ्या दोघांपैकी तो एक. त्याचं मन कशानं पालटलं असेल, यावर आम्ही दोघी परतीच्या गाडीत बॉस्टन येईपर्यंत बोलत होतो. भाचीचं म्हणणं, बायकोनं सुनावलं असेल. मला वाटतं, त्या म्हातारीला बेड्यांत पाहून तो हलला असावा.