तुम्ही विचारलंत म्हणून: वाड्यांचं सुतारकाम शिकायचं कुठे?

कामावर कुणी भेटायला आलं की चहा संपायच्या आत हा प्रश्न येतोच. कधी आर्किटेक्चरची मुलं विचारतात, कधी आयटीआय झालेल्या पोराचे वडील, कधी वाडामालकांकडे आलेले पाहुणे. "हे जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम तुम्ही शिकलात कुठे? याचा कोर्स असतो का?" उभ्याउभ्या मी "कामावरच शिकलो" एवढंच सांगतो आणि विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. उत्तर लांबलचक आहे, म्हणून एकदा बसून लिहितो.

हात तयार करायचा भाग त्यातल्या त्यात सोपा. आयटीआयचा कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा आहे. पटाशीला, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीला, धार लावणं, रेघ धरून करवत चालवणं, फळीला रंधा मारणं, गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, सांधा बसवणं हे तिथे शिकवतात. मी सुतारांच्या घरातला, तरी हे सगळं मला आयटीआयमध्येच कळलं. कारण वडिलांचा उभा जन्म प्लायवुड आणि सनमायक्यात गेला आणि आजोबांची हत्यारं माळ्यावर गंजत पडलेली होती. एवढी तयारी केल्याशिवाय वाड्यावर येऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. वाड्यावर धार लावायला शिकवत बसायला कुणाला सवड नसते आणि बोथट पटाशीने जुन्या लाकडाचा रेषा, म्हणजे तंतू, उचकटला तर तो परत बसत नाही.

खरं शिक्षण सुरू होतं ते त्यानंतर, आणि त्याला वर्ग नाही. आयटीआयमध्ये हातात येतं ते मशीनवर कापलेलं, सरळ, नवं लाकूड. वाड्यात काटकोन शोधून सापडत नाही. खांब कललेले, तुळया मधोमध झोल खाल्लेल्या, दोन खणांची, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांची, मापं एकसारखी नाहीत. ज्यांनी ते बांधलं त्यांची मापं गज आणि तसूत होती, 24 तसूंचा एक गज. आपली मीटरची टेप लावली की एकही आकडा पूर्ण येत नाही. नवीन पोराला वाटतं, जुन्या सुताराचं काम ओबडधोबड होतं. ही समजूत जायला वेळ लागतो आणि ती गेल्याशिवाय त्याच्या हातात करवत द्यायची नाही, असा आमच्या मिस्त्रींचा, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी वाड्यांचं काम शिकलो त्यांचा, नियम होता.

वाडा उभा कसा राहतो ते आधी समजून घ्या. दगडी जोतं, जोत्यावर दगडाचा तळखडा, तळखड्यावर लाकडी खांब. खांबाच्या डोक्यावर हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारा लाकडी ठोकळा, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या, पाटांवर मातीचा थर. खांब आणि तुळई एकमेकांत कुसवाने, म्हणजे एकाचं घडवलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत घालून, बसवलेले असतात. लोखंडी खिळा अगदी कमी. भार सगळा या लाकडी सांगाड्यावर. विटांच्या आणि पांढऱ्या मातीच्या भिंती बहुतेक ठिकाणी सांगाड्याच्या मधल्या जागा भरतात. त्यामुळे भिंतीला भेग दिसली की घाबरणारे लोक चुकीच्या जागी घाबरतात. घाबरायचं ते तुळईचं भिंतीत गेलेलं तोंड पाहून, आणि ते तर दिसतच नाही.

हा सांगाडा पाहायचा असेल तर पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यात जा. दुसऱ्या बाजीरावाने तो 1807 मध्ये पुरा केला. 1821 मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली, पुढेही वाडा वापरात राहिला आणि वापरात राहिला म्हणून टिकला. त्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे सुरूदार खांब आणि दर्शनी सज्जाचं कोरीव काम बघायला लोक येतात, फोटो काढतात. शिकणाऱ्याने मात्र मान वर करून हस्त आणि तुळई कुठे भेटतात ते पाहावं. शनिवारवाड्यात हे शिकायला मिळत नाही. 1828 च्या आगीत वरचे लाकडी मजले गेले, दगडी जोती आणि तट राहिले. पेशव्यांच्या सुतारांचं सगळ्यात मोठं काम आपण कायमचं गमावलं. त्या जोत्यांवरून चालताना मला दर वेळी वाईट वाटतं.

आता मिस्त्रींकडे काय शिकलो ते. पहिला पावसाळा आणि त्यापुढचा हिवाळा मी जवळजवळ काही कापलंच नाही. हातात हातोडी, टोच्या (लाकडात टोचून पाहायचं टोकदार हत्यार), खडू आणि वही. प्रत्येक खांब, प्रत्येक कडी वाजवायची. धड लाकूड खणखणीत वाजतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. जिथे आवाज बदलला तिथे टोच्या घालायचा, किती आत जातो ते मोजायचं, वहीत चित्र काढून लिहायचं. आज आमच्याकडे मॉइश्चर मीटर आहे, ते चांगलंच आहे, पण मुलांना मी अजून आधी कान तयार करायला लावतो. मीटर ओल सांगतो. आत लाकूड किती उरलंय ते हातोडी सांगते.

लाकूड आपोआप कुजत नाही, हे त्या काळात डोक्यात पक्कं बसलं. सागाचा गाभा कोरडा ठेवला तर दोनशे वर्षांनीही रंधा मारल्यावर सागाचाच वास देतो. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली की त्यात बुरशी वाढत नाही. म्हणजे कुजलेलं लाकूड दिसलं की आधी पाणी शोधायचं. फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हाळ, मागाहून काढलेलं न्हाणीघर, आणि सगळ्यात जास्त वेळा सिमेंट. गेल्या काही दशकांत हौसेने म्हणा, स्वस्तात पडलं म्हणून म्हणा, माती-चुन्याच्या भिंतींवर लोकांनी सिमेंटचा गिलावा केला. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल उडून जायची, सिमेंटने ती आत कोंडली. ती ओल प्यायला भिंतीत एकच गिऱ्हाईक, तुळईचं तोंड. बाहेरून भिंत गुळगुळीत, आत तुळईचा भुगा. तुळई बदलून भिंतीवर पुन्हा सिमेंट थापलं तर दुरुस्ती झालीच नाही, असं मी मालकांना स्पष्ट सांगतो. या एका मुद्द्यावर मी कामं सोडलीही आहेत. त्यामुळे सुताराला गवंडीकामही कळावं लागतं, चुना कसा मळतात हेही कळावं लागतं.

एक काम जरा जवळून सांगतो, म्हणजे शिकायला वेळ का लागतो ते कळेल. खांबाचा पाय सडणं ही नेहमीची गोष्ट. तळखड्याभोवती कुणीतरी फरशी घालून उंची वाढवलेली असते, फरशी धुतली की पाणी खांबाच्या बुडाशी साठतं आणि खालचा हातभर भाग मऊ पडतो. सोपा उपाय म्हणजे खांब काढून नवा घालणं, नाहीतर पायाभोवती काँक्रीटचा डबा ओतणं. दोन्ही करायचं नाही. हातभर लाकूड वाईट असेल तर हातभरच बदलायचं, वरचा कोरीव खांब जसाच्या तसा ठेवायचा.

त्यासाठी आधी दोन्ही बाजूंच्या तुळईखाली बल्ल्या, म्हणजे लाकडी टेकू, आणि जॅक लावून भार उचलून घ्यायचा. उचलून म्हणजे वर न्यायचा नाही. खांबावरचा दाब सुटला की थांबायचं. जास्त जोर दिलात तर वरच्या मजल्यावरचा गिलावा तडकतो आणि इतकी वर्षं एकमेकांत मुरलेले सांधे उघडतात. मग सडका भाग वरवरून थोडाथोडा काढत धड लाकडापर्यंत जायचं. तिथे तिरका, पायरी असलेला काप घ्यायचा, म्हणजे नव्या तुकड्याला जुन्यावर बसायला जागा मिळते आणि भार सरळ खाली उतरतो. त्या कापाचा पुठ्ठ्यावर छाप घेऊन नवा पाय घडवायचा. लाकूड त्याच जातीचं, रेषा त्याच दिशेचा, पूर्ण वाळलेलं. नंतर येतं ते खरं काम. नव्या तुकड्याच्या तोंडाला गेरू लावायचा, जागेवर बसवायचा, काढायचा. जुन्या लाकडावर जिथे लाल डाग उमटला तिथेच तो टेकतोय, बाकी पोकळ. नव्या तुकड्यावरचा तो उंचवटा पटाशीने कागदासारखा पातळ तासायचा आणि पुन्हा गेरू. सगळीकडे सारखा लाल येईपर्यंत हेच. दिवस त्यात जातो. मिस्त्री शेजारी बसून नुसते बघायचे, बोलायचे नाहीत. तासायचं नेहमी नव्याला, जुन्याला हात नाही, एवढं एकदाच सांगितलेलं होतं. शेवटी लाकडी खुंट्या, भार फार असेल तर स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, आणि जॅक हळूहळू सैल.

नवा पाय बसवण्याआधी मिस्त्री त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या अंगावर पटाशीने त्या वर्षाचा आकडा कोरायचे. पुढच्या सुताराला कळायला हवं ना, जुनं कुठलं आणि आपण घातलेलं कुठलं, म्हणून. बऱ्याच वर्षांनी एका आर्किटेक्टबाईंनी मला इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेची लाकडी वास्तूंबद्दलची 1999 ची तत्त्वं वाचून दाखवली. नव्या भागावर न खुपणारी खूण करावी, हे त्यात लिहिलेलं आहे. बदली लाकूड शक्य तिथे त्याच जातीचं असावं, हेही आहे. 2017 मध्ये ती तत्त्वं नव्याने मंजूर झाली ती दिल्लीत. मिस्त्रींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

लाकूड आणायचं कुठून, हा पुढचा प्रश्न. लागवडीचा साग भराभर वाढलेला, वलयं रुंद, बाहेरचा पांढरा भाग जास्त. तो पांढरा भाग वाळवी आणि भुंगा आधी खातात. म्हणून आम्ही शक्य तिथे पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड घेतो. एका वाड्याचं मरण दुसऱ्याच्या कामी येतं. यात मला समाधान नाही, पण दुसरा मार्गही नाही. त्याच वाड्यांचे कोरीव खांब आणि दारांवरच्या गणपती कोरलेल्या गणेशपट्ट्या हॉटेलांत शोभेला लागलेल्या दिसतात तेव्हा मात्र संताप येतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मधल्या घुमटाखाली नाशिकच्या एका वाड्यातलं लाकडी कमानकाम बसवलेलं आहे. वाडा गेला तरी निदान ते काम सगळ्यांना बघता येतं. मुंबईला गेलात तर तिथे निवांत अर्धा तास उभे राहा.

कोकणातलं गणित वेगळं. तिथे फणस, आईन, किंजळ, पाऊस कितीतरी पट आणि छपरं उतरती. देशावर शिकलेल्याने कोकणात जाऊन पुन्हा शिकायचं असतं. त्यावर मी अधिकाराने लिहू शकत नाही, म्हणून इथेच सोडतो.

कोर्स असावा का, असंही विचारतात. असावाच. जपानमध्ये खांबाचा सडका पाय कापून नवा जोडायची विद्या देवळांच्या सुतारांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली आणि लाकडी वास्तू टिकवण्याच्या त्यांच्या कौशल्यांची युनेस्कोने 2020 मध्ये नोंद घेतली. फ्रान्सच्या सुतारांच्या आखणीच्या पद्धतीची नोंद 2009 मध्येच झाली होती. म्हणूनच पॅरिसचं नोत्र दाम 2019 मध्ये जळल्यावर छताचा ओकचा सांगाडा कुऱ्हाडीने तासून पुन्हा उभा करणारे हात त्यांना मिळाले आणि 2024 च्या डिसेंबरात ते उघडलंही. आपल्याकडेही हात आहेत, पण ते म्हातारे होत चाललेत आणि त्यांना मिळणारी मजुरी काँक्रीटचे साचे ठोकणाऱ्या सेंट्रिंगवाल्याइतकीच. जतनाच्या कामाची निविदा सगळ्यात कमी दरवाल्याला जाते, तो सगळ्यात स्वस्त सुतार आणतो. मला वाटतं, जतनाच्या प्रत्येक सरकारी कामात दोन तरी शिकाऊ सुतार पगारावर ठेवायची अट निविदेतच घालावी. इमारतीबरोबर माणूसही तयार होईल. वेगळी इमारत बांधून कॉलेज काढायची गरज नाही, वाडे हीच शाळा आहे.

वडीलमंडळींचा पैशांचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. सुरुवातीला मॉड्युलर किचन करणारा मित्र तुमच्या मुलापेक्षा जास्त कमावेल. हात तयार झाल्यावर काम कमी पडत नाही, कारण करणारे थोडे आहेत. मुली विचारतात, आम्हाला जमेल का? जरूर जमेल. जड तुळई आम्हीही हातांनी उचलत नाही, चेनपुली असते. लागते ती नजर आणि चिकाटी, आणि माझ्याकडे आलेल्या मुलींमध्ये दोन्ही भरपूर दिसलं.

तेव्हा यायचं असेल तर असं करा. आयटीआय किंवा चांगल्या सुताराच्या हाताखाली एक वर्ष काढा. एक इंची, अर्धा इंची आणि पाव इंची अशा तीन पटाश्या स्वतःच्या घ्या आणि त्यांना स्वतः धार लावा. विश्रामबागवाडा बघा, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघा, दोन्हीकडे एका तरी सांध्याचं चित्र हाताने काढा. मग जिथे जुन्या इमारतीचं काम चालू असेल तिथल्या मिस्त्रींना भेटा आणि हेल्परचं काम मागा. भेटायला जुलैत जा. तेव्हा कापाकापी बंद असते, मिस्त्री वाड्यात फिरून गळती शोधत असतात आणि बरोबर वही घेऊन फिरणारं माणूस त्यांना हवंच असतं.