नागज फाट्याच्या अलीकडं

मी काय वारकरी घराण्यातली नाही, माळ पण मागच्याच वर्षी घातली. राजारामपुरीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, सतरा वर्षं झाली रोज सकाळी पाच-सहा तास तव्यापुढं उभी असते, कंबर आठ वर्षं दुखतीय आणि उजवा गुडघा चार वर्षं. त्यामुळं आषाढीला कोल्हापूरहून पायी पंढरपूरला जाते म्हटल्यावर घरात कुणीच नीट बोललं नाही दोन दिवस. जावा म्हणाल्या नंदवाळला जा की, प्रति पंढरपूरच आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरात. पण मला पंढरपूरलाच जायचं होतं. का ते सांगता येत नाही, अजून पण नाही.

कंबरेचा एमआरआय काढला होता तेव्हापासून मी खरी आजारी पडले असं मला आता वाटतं. रिपोर्टात डिस्क बल्ज (म्हणजे मणक्यातली चकती जरा बाहेर फुगलेली), झीज असं काय काय लिहिलेलं, ते वाचून मी खाली वाकायचं सोडलं, बादली उचलायची सोडली, पिठाचा डबा पण पोराला उचलायला लावायची, आणि जेवढं कमी हलले तेवढं जास्त दुखायला लागलं. मग एका फिजिओकडं गेले, पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाली काकू, पन्नाशीतल्या ज्यांचं काहीच दुखत नाही अशा शंभर जणांचा एमआरआय काढला ना, तर साठेक जणांच्यात बल्ज दिसतो. मी म्हटलं मग माझं दुखणं खोटं का? तर म्हणाली, अजिबात खोटं नाही, पण तीन महिन्यांच्या वर राहिलेलं दुखणं वेगळं असतं, दर वेळी आत काहीतरी नवीन तुटतंय असं नसतं, नसांना सवय लागून त्या जरा जास्तच ओरडायला लागतात. आठ वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तिथंच बसून रडले.

फेब्रुवारीपासून रंकाळ्यावर चालायला सुरुवात केली, पहिल्या आठवड्यात फक्त बारा मिनिटं. तिचा नियम होता की घड्याळ बघून बसायचं, दुखणं बघून नाही. बरं वाटतंय म्हणून दुप्पट चालायचं आणि मग तीन दिवस झोपायचं, हेच तर मी आठ वर्षं करत होते. त्याबरोबर मांडीचे व्यायाम, कारण गुडघ्याचा भार मांडीनं उचलायचा असतो. आणि दुखण्याला शून्य ते दहा मार्क द्यायचे. पाचापर्यंत चालू शकता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत रोजच्यावर आलं पाहिजे. पाचाच्या वर गेलं, गुडघा सुजला, अडकला किंवा दगा द्यायला लागला तर त्या दिवशी चालणं बंद. जूनपर्यंत मी पंचेचाळीस मिनिटं चालणं आणि दहा मिनिटं बसणं, असं चार-पाच वेळा करू शकत होते.

निघालो त्या दिवशी अंबाबाईच्या कळसाला हात जोडले आणि पंचगंगेच्या पुलावर आलो तेव्हा जो पाऊस लागला तो मिरजेपर्यंत. शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर, कुठल्या दिवशी कुठं मुक्काम होता हे आता डोक्यात सगळं एक झालंय, ओला मंडप, ओली घोंगडी, अंकलीच्या पुलावरनं कृष्णा बघितली एवढं आठवतंय. सकाळी तीनला काकड्याला उठायचं तेव्हा कंबर लाकडासारखी असायची, पालथं पडून, मग चवड्यावर, मग भिंत धरून असं पंधरा मिनिटांनी मी माणसात यायची, आणि तेवढ्यात कुणीतरी आवरा आवरा म्हणून बोंबलायचं. लई राग यायचा. मग पखवाज वाजायचा आणि पाय आपोआप पडायला लागायचे, पहिल्या तासाभरात दुखणं कुठं जायचं कळायचं नाही.

मुरगूडकडच्या एक काकू होत्या दिंडीत, साठीच्या, कंबरेत वाकून चालायच्या, त्यांच्या पिशवीत दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं. दुपारी प्रसाद वाटल्यासारख्या वाटायच्या, घे गं एक, सांजपतोर पळशील. मला बीपीची गोळी आहे आणि डॉक्टरांनी बजावलेलं, बीपीच्या गोळीवर या गोळ्या आणि वर पाणी कमी, म्हणजे किडनीवर ताण. आणि पाणी बाया पितच नव्हत्या! संडासला जायला जागा नाही म्हणून सकाळपासून दोन घोट, त्यावर रिकाम्या पोटी गोळी, आणि मग रात्री पोटऱ्यांत गोळे आले म्हणून रडायचं. मी दोन-तीनदा बोलले, तर काकू म्हणाल्या, तू लई शिकलीस. त्यानंतर मी त्यांच्या रांगेत चालायचं बंद केलं. टाळ वाजवताना पण त्यांच्याकडं बघायची नाही.

मिरज सोडली आणि दोन दिवसांत आभाळ कोरडं झालं. तिकडं पाऊस असा नसतोच, माळ, बाभळी, द्राक्षाच्या बागा आणि बेदाण्याची शेडं. पण माझे मोजे अजून ओलेच होते, दोन्ही जोड. बूट दोन महिने वापरून मऊ केलेले, त्यात चूक नव्हती, चूक ओल्या मोज्याची. भिजून पांढरी पडलेली कातडी आणि घासणं, डाव्या टाचेला मागं बोराएवढा फोड आला. फोडाचं एवढं नाही, पण तो चुकवायला मी डावा पाय तिरपा टाकायला लागले आणि सगळा भार उजव्या गुडघ्यावर, कवठेमहांकाळच्या पुढं गेल्यावर गुडघा बोलायला लागला. चार. मग पाच. दिंडी पुढं चाललेली, टाळांचा आवाज लांब लांब जायला लागला, ऊन डांबरातनं वर यायला लागलं आणि नागज फाट्याच्या अलीकडं मी सहा म्हटलं आणि रस्त्याकडेला बसले.

विठ्ठलाला खरं सांगते शिव्या घातल्या त्या वेळी. चार महिने पहाटे उठून मी काय कमी केलं होतं?

शेडातनं एक बाई आल्या, सत्तरीच्या तरी असतील, नऊवारी, हाताला बेदाण्याचा चिकटा. काय झालं माउली, म्हणत त्यांनी मला धरून आत नेलं, घमेल्यात कोमट पाणी आणलं, आणि मी नको नको म्हणत असताना माझे पाय धुतले. टाच बघितली आणि आधी विचारलं, "साखर हाय का तुला?" मी नाही म्हटलं. "असली तर सांग. मी हात लावणार न्हाई, दवाखान्यात जायचं. आमच्या मालकाचा अंगठा गेला असल्याच फोडानं." नाही हो आई, म्हटलं, पण वरचं कातडं काढू नका, ते राहू द्यायचं असतं. त्यांनी सुई चुलीच्या जाळावर धरली. "कातडं कोण काढतंय? बैलाच्या खांद्याचं कधी काढलं न्हाई, तुझं काढीन व्हय?" फोडाच्या कडेला खाली बारीक टोचलं, फडक्यानं हळू दाबून पाणी काढलं, कातडी तशीच बसवली. मग जुन्या वाकळंचा एक तुकडा कापला, मधोमध भोक पाडलं, आणि ते असं बसवलं की फोड भोकात आणि दाब सगळा कडेच्या कापडावर. बैलाच्या खांद्याला जू घासलं की असंच करायच्या म्हणे. मी पाय टेकवला तर टाच लागलीच नाही.

आणि नातवाचे शाळेचे मोजे दिले, कोरडे, पांढरे. पैसे द्यायला गेले तर त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला, मी त्यांच्या, अशा आम्ही दोघी शेडात एकमेकींच्या पाया पडत होतो आणि मला हुंदका आवरेना.

गुडघा सुजला नव्हता, सरळ होत होता, भार टाकता येत होता. पण सहा ते सहा. त्यांच्या पोरानं मोटरसायकलवर मुक्कामाला सोडलं. तिथं एकानं सगळ्यांसमोर म्हटलं, आक्का, वारी मोडली की तुमची. मी काही बोलले नाही, रात्री हरिपाठाला पण मागं बसले, आणि ते वाक्य अजून सलतंय. सकाळी उठले तर गुडघा तीनावर. वाकळंचा तुकडा बसवला, मोजे घातले आणि निघाले.

जुनोनीत दिंडी थांबली. २०२२ ला कार्तिकीला जाताना आपल्या जठारवाडीच्या दिंडीत गाडी घुसली आणि सात माणसं गेली, ती इथं. वीणा तेवढी वाजत होती, बाकी कुणी काही बोललं नाही, नंतर पण किती तरी वेळ आम्ही रस्त्याच्या अगदी कडेनं चाललो.

सांगोल्याच्या मुक्कामी मुरगूडच्या काकू रात्री उठून बसलेल्या दिसल्या. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं. म्हणाल्या खुबा बारा वर्षं दुखतोय, ऊसतोडीत पडले तेव्हापासून, कुणी एक्स-रेचा फोटो काढला नाही का काही नाही, मेडिकलवाल्यानं गोळी दिली तीच चालू. बारा वर्षं. मी त्यांच्यावर चार दिवस रागात होते. कोल्हापुरात आल्यावर डॉक्टरला दाखवायचं, किडनीची रक्ततपासणी पण करायची असं कबूल करून घेतलं, लेकाचा नंबर पण घेतला.

पंढरपुरात चंद्रभागा झाली, नामदेव पायरी झाली, कळसाचं दर्शन घेतलं. रांगेत मी उभी राहिले नाही, चालणं जमतं पण एका जागी तासन्‌तास उभं राहणं कंबरेला जमत नाही, तव्यापुढंच तेवढं उभं राहते तेच पुष्कळ. वाईट वाटलं, नाही असं नाही.

रात्री मठात फरशीवर मी माझे व्यायाम करत पडले होते तर काकू शेजारी येऊन झोपल्या. "ते पाय उचलायचं काय हाय, दाव की." म्हटलं आधी डॉक्टर खुबा बघू देत, तोवर हलकंच करा, दुखलं की थांबायचं. एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ, मांडी घट्ट करून वीतभर वर, आणि पाच आकडे धरून ठेवायचं. आकडे मोजायचं त्यांच्या काही ध्यानात राहीना, तर त्या पाच वेळा विठ्ठल विठ्ठल म्हणायच्या आणि पाय खाली ठेवायच्या. सहाव्या वेळेला मी पण तसंच म्हणायला लागले.