गेम कोणता, फोन कोणाचा

बाहेरच्या माणसाला वाटतं, बातमी बातमीदार लिहितो. बातमीदार माहिती पाठवतो. सकाळी टपरीवर लोक ज्यावरून बोलतात तो मथळा असतो, आणि मथळा बसतो डेस्कवर, म्हणजे आलेला मजकूर तपासून पानावर लावतात तिथे. मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर आहे. पुढे सांगतोय त्या प्रकरणातलं गाव, तालुका सांगत नाही, एकदोन खुणाही बदलल्या आहेत. कायद्याने तसं करावंच लागतं, आणि कायदा नसता तरी केलं असतं.

मे २०२१ चा शेवट. दुसरी लाट ओसरायला लागली होती, पण जाहिराती नाहीत म्हणून पानं कमी, निम्मे लोक घरून काम करणारे. निधनवार्तांना मात्र जागा पुरत नव्हती. तालुका आवृत्ती लवकर सोडावी लागे. पान बंद व्हायला पाऊण तास असताना एका तालुक्याहून कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, आली. वार्ताहराने स्वतःच मथळा दिलेला: ‘पबजीच्या वेडाने घेतला बापाचा घास’. खाली तिसऱ्या परिच्छेदात बाप सिव्हिलमध्ये उपचार घेत असल्याचं लिहिलं होतं. म्हणजे घास अजून घेतलेला नव्हता, ऑर्डर देऊन ठेवली होती.

मजकूर ओळखीचा. ‘सदर विधिसंघर्षग्रस्त बालक हा पबजी नामक मोबाइल गेमच्या आहारी गेला असून, त्यास त्याचे वडिलांनी गेम खेळण्यास मज्जाव केला असता, त्याचा राग मनात धरून त्याने खोऱ्याच्या दांड्याने वडिलांचे डोक्यात...’ ही भाषा ठाण्यातल्या हवालदाराची; ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणजे गुन्ह्यात अडकलेलं अल्पवयीन मूल. प्रेसनोट पोलिसांच्या ग्रुपवर पडते, तालुक्यातले सात-आठ वार्ताहर ती उचलतात, ‘सदर’ काढतात आणि आपापल्या पेपरला पाठवतात. आमच्या वार्ताहराने ‘सदर’ही काढला नव्हता.

मुलगा सोळा वर्षांचा, दहावीचा. परीक्षा २० एप्रिललाच रद्द झालेली, त्यामुळे घरी.

अशा कॉपीत पहिलं काम कापायचं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आलेल्या कॉपीत हे सगळं होतं, फेसबुकवरून काढलेल्या फोटोसकट. डेस्कवरची नवीन मुलं नेमकी इथे चुकतात. मुलाचं नाव उडवतात आणि बापाचं पूर्ण नाव, वय, गाव, वस्ती तशीच ठेवतात. बापाचं नाव छापल्यावर मुलाचं काय लपलं? मग बापाचं नाव गेलं, वस्ती गेली, गावाऐवजी नुसता तालुका आला. बावीस ओळींची कॉपी अकरा ओळींवर आली आणि त्यातल्या चार ओळी पबजीवर होत्या.

दुसरं काम मथळा, आणि इथे जरा सविस्तर सांगतो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. दोन कॉलममध्ये मोठ्या टायपात एका ओळीत जेमतेम तेरा-चौदा अक्षरं बसतात. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ लिहिलं की ओळ संपली, क्रियापद खालच्या ओळीत. ‘कौटुंबिक कलहातून’ ऐसपैस पसरतं. ‘व्यसनाधीन पित्याच्या’पुढे आणखी काही बसवायचं तर टाइप कमी करावा लागतो आणि पान लावणारा ऑपरेटर तोंड वाकडं करतो. ‘पबजी’ तीन अक्षरं. कुठेही बसतो, टाइप मोठा करता येतो, वर सगळ्यांना कळतो. मोबाइल गेमवर इतकी वर्षं जे खापर फुटतंय त्यातला काही वाटा कॉलमच्या रुंदीचा आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. मानसशास्त्रावरच्या परिसंवादात हे कुणी मांडत नाही, कारण तिथे ऑपरेटरला बोलावत नाहीत.

मी मथळ्याशी झटत असताना शेजारचा नवा उपसंपादक म्हणाला, “सर, पण पबजी बंद आहे ना?”

हा पोरगा स्वतः गेम खेळणारा. रात्री पान सुटलं की गच्चीत उभा राहून दोन मॅच खेळून घरी जातो. बरोबर बोलत होता. २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने चीनशी संबंधित ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. कारण दिलं होतं देशाची सुरक्षा आणि लोकांचा डेटा. हिंसेचा त्यात संबंध नव्हता. ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले. तोच गेम नव्या नावाने परत येणार असल्याची घोषणा याच मे महिन्यात झाली होती, १८ तारखेला पूर्वनोंदणी सुरू झाली, त्याची चौकट आम्हीच लावली होती. पण खेळता अजून येत नव्हता. काही जण कोरियाची आवृत्ती आडमार्गाने उतरवून खेळायचे; आमचाही त्यातलाच. “पण खेड्यातल्या स्वस्त फोनवर ते नाही चालत, सर. तिकडे फ्री फायर. दोन जीबी रॅमवर पळतो.”

“मग फ्री फायर लिहू?”

“तो तरी खेळत होता का, ते विचारा की.”

मला त्याचा थोडा राग आला, कारण घड्याळ माझ्यासमोर होतं. पण फोन लावला.

आमचे तालुका वार्ताहर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, बसस्टँडसमोर झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान चालवतात. पेपरची एजन्सीही त्यांचीच. बातमीचं मानधन इतकं की ते सांगताना मलाच लाज वाटते. खरी कमाई वाढदिवसाच्या आणि दिवाळीच्या जाहिरातींच्या कमिशनवर. अशा माणसाने फौजदाराच्या प्रेसनोटवर शंका घ्यावी ही अपेक्षा मी मुंबईच्या सेमिनारमध्ये खूप ऐकली आहे. फौजदाराने उद्यापासून फोन उचलला नाही तर अण्णांचं पान कोरं.

“अण्णा, पोरगा कोणता गेम खेळत होता?”

“पबजी. नोटमध्ये आहे ना सर.”

“पबजी बंद आहे.”

“मग दुसरा असंल. साहेबांच्या लेखी गेम म्हणजे पबजीच.”

“फोन कोणाचा? जप्त केलाय का?”

इथे अण्णा गप्प झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “सर, फोन माझ्या शेजारच्या दुकानात आहे.”

ते जे सांगत गेले ते असं. शाळा ऑनलाइन झाल्यावर आईने बचत गटातून कर्ज काढून पोराला फोन घेऊन दिला होता. लॉकडाऊनमध्ये दारू चोरून आणि दुप्पट भावाने मिळायची. बापाने तो फोन मोबाइलच्या दुकानात गहाण टाकला. दुकानाला अर्धं शटर, व्यवहार मागच्या दाराने. अण्णांनी तो काउंटरच्या काचेखाली पाहिला होता. मागे पोराच्या नावाचं स्टिकर, एका कोपऱ्यात तडा, आणि रबरबँड लावून खोचलेली चिठ्ठी, तिच्यावर रक्कम. मारहाणीच्या आधी आठवडाभर फोन तिथे पडून होता. त्या रात्री पोराने फोनचं विचारलं, बापाने आधी त्याला आणि मग मध्ये पडलेल्या आईला मारायला सुरुवात केली, आणि दाराशी खोरं होतं.

“हे कुणी सांगेल का? नाव नको, पण कुणी?”

“कोण सांगणार? दुकानदार म्हणंल माझ्यावरच केस होईल. बाई बोलत नाही.”

म्हणजे माझ्याकडे एक लेखी, सहीशिक्क्याचं खोटं होतं आणि एक खरं होतं ज्याला कुणी धनी नव्हता.

तेवढ्यात मुख्यालयातून वेब टीमचा मेसेज. पबजी सध्या जोरात शोधलं जातंय, बातमी लगेच द्या, मथळ्यात शब्द आलाच पाहिजे. या मुलांचं मला नवल वाटतं. हातात सगळ्या जगाची माहिती, आणि विचारायचं एवढंच की शब्द कुठे ठेवला. मला २०१७ चा ब्लू व्हेल आठवला, मुलांना आत्महत्येपर्यंत नेतो म्हणून गाजलेला ऑनलाइन गेम. अंधेरीच्या मुलाच्या मृत्यूनंतर किती दिवस कुठल्याही अल्पवयीन मुलाच्या आत्महत्येला तोच गेम लावला जायचा. वाहिन्यांवर निळा देवमासा पोहत होता, शाळांनी पालकसभा घेतल्या. पुढे जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे गृह राज्यमंत्री, आपले चंद्रपूरचे हंसराज अहिर, यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं: सरकारने नेमलेल्या समितीने फोन, इंटरनेट, कॉल रेकॉर्ड सगळं तपासलं, एकाही घटनेत या गेमचा संबंध सिद्ध करता आला नाही. ते उत्तर मी आमच्याकडे आतल्या पानावर सिंगल कॉलममध्ये पाहिल्याचं आठवतं. आजही कुठल्याही पालकसभेत ब्लू व्हेलचं नाव काढा, सगळ्यांना ठाऊक असतो. अहिरांचं उत्तर कुणालाच नसतं.

गेम निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. माझा भाचा हरला की उशी भिंतीवर फेकतो आणि आईशी उद्धट बोलतो, ते मी पाहिलं आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने मार्च २०२० मध्ये जे म्हटलं ते जवळपास हेच: हिंसक गेमचा आरडाओरड, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी लहानसा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे, प्रत्यक्ष हिंसाचाराचं कारण गेम आहेत म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आता हे दोन कॉलममध्ये बसवा.

पान सुटायला दहा मिनिटं राहिली होती. माझा मोबाइल वाजला, अनोळखी नंबर. नंबर अण्णांनीच दिला होता.

“साहेब, मी पोराचा मामा बोलतोय. अण्णा म्हणले तुम्ही पबजी काढताय.”

मी सांगितलं, फोन गहाण होता असं ऐकतोय, मग पबजी कसं लिहू?

“लिहा साहेब. राहू द्या ते.” थोडा वेळ नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. “वकील म्हणतोय गेमचं असलं तर पोराला बाल न्याय मंडळापुढं बरं पडंल. डोकं फिरलं होतं म्हणता येतं. आन् दुसरं म्हणजे, दाजी वाचले तर ताईला त्याच घरात राहायचंय. पेपरात दारूचं आलं तर तिलाच भोगावं लागंल. तुम्ही गेम लिहा, कुणाचं काय जात नाही.”

इतक्या वर्षांत बातमी दाबा म्हणणारे खूप भेटले. पुढारी, डॉक्टर, शिक्षण संस्थावाले. बातमीतलं खोटं तसंच ठेवा म्हणून हात जोडणारा हा पहिला, आणि त्याचं म्हणणं मला सरळ झिडकारता येईना. पोलिसांना गेम हवा होता, कारण तपास तिथेच संपतो. वेबला हवा होता, घरच्यांना हवा होता. गेम बनवणारी कंपनी काही आमच्या तालुक्यात अब्रुनुकसानीचा दावा लावायला येणार नव्हती. सगळ्या खटल्यात तेवढा एकच आरोपी असा होता की ज्याच्या घरी चूल पेटायची थांबत नाही.

मामांना म्हटलं, दारूचं लिहीत नाही, मारहाणीचं कारणच लिहीत नाही. पबजीही लिहीत नाही.

“बघा,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मथळा दिला: ‘मुलाच्या मारहाणीत वडील गंभीर’. खाली अकरापैकी सात ओळी, शेवटी ‘कारणाचा तपास सुरू आहे’. निस्तेज बातमी. आमच्या निवासी संपादकांच्या भाषेत ‘ना मीठ, ना मिरची’.

सकाळी मी पाहिलेल्या बाकीच्या सगळ्या पेपरांत पबजी होता. एकाने चार कॉलम लावून सोबत चित्र दिलं: काळी टोपी ओढलेला मुलगा, अंधार, हातात जॉयस्टिक. सगळा खेळ मोबाइलवरचा, आणि हातात जॉयस्टिक! फुकट चित्रांच्या साइटवर ‘गेम’ आणि ‘हिंसा’ शोधलं की तोच मुलगा येतो. गेली कित्येक वर्षं तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यात गुन्हे करतोय. दुपारी एका वाहिनीची गाडी तालुक्यात पोचली. फौजदारांनी मास्क हनुवटीवर ओढून पालकांना आवाहन केलं, ते संध्याकाळपर्यंत फिरत होतं. त्याच दुकानाच्या अर्ध्या शटरसमोर उभं राहून वार्ताहराने पीटूसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलायचा तुकडा, केलं असं अण्णा म्हणाले. फोन आत काचेखालीच होता.

संपादकांनी मला बोलावून विचारलं, आपल्याकडे कसं सुटलं? मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुझं बरोबर आहे. पण ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ टाकून देता आलं असतं.” आमच्या धंद्यातलं हे गंगेचं पाणी. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ शिंपडलं की काहीही पवित्र होतं. वाचकांपैकी एका निवृत्त मास्तरांनी फोन करून झापलं की तुमच्याच पेपरने पबजीचं नाव का लपवलं, जाहिराती मिळतात का?

बाप वाचला. मुलगा निरीक्षणगृहातून काही दिवसांनी मामाच्या हवाली झाला. मंडळापुढे वकिलाने काय मांडलं ते मला माहीत नाही, कामकाज बंद दाराआड चालतं. पण अण्णा म्हणाले गावात आता सगळे ‘त्या पबजीनं घात केला’ असंच म्हणतात, पोराला कुणी टाकून बोलत नाही आणि बाईला कुणी काही विचारत नाही. हे त्यांनी मला टोमणा म्हणून सांगितलं की सहज, अजून कळलेलं नाही. माझ्या सात ओळींनी त्या घराचं काही भलं झालं असं मला म्हणता येत नाही. त्या चार कॉलमवाल्याने झालं असेल. उपसंपादक पोरगा म्हणतो, त्या घराचं भलं झालं, पण पुढच्या दहा घरांत बाप पोरांचे फोन फोडणार आणि दारूचा विषय निघणारच नाही, त्याचं काय? त्याच्याकडेही आकडे नाहीत, माझ्याकडेही नाहीत.

त्यानंतर मी सगळ्या तालुक्यांना एक सूचना पाठवली. बातमीत गेमचा उल्लेख असेल तर कॉपीखाली तीन उत्तरं द्यायची: गेम कोणता, फोन कोणाचा, शेवटचा केव्हा खेळला. लखनऊत पबजी खेळू देत नाही म्हणून मुलाने आईला गोळी घातल्याची बातमी गाजली, जून २०२२ मध्ये, तेव्हा महिनाभर सगळीकडून तशा कॉप्या येत होत्या. आता बहुतेक वार्ताहर तीन ओळी न चुकता भरतात. परवा अण्णांचीच आली: ‘गेम – पबजी. फोन – स्वतःचा. शेवटचा केव्हा खेळला – साहेबांना विचारून कळवतो.’