मशिदीची सुरक्षा कॅमेऱ्याच्या आधी सुरू होते

बीड जिल्ह्यातल्या अर्धामसला गावात ३० मार्च २०२५ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, पहाटे अडीचच्या सुमारास मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. सुदैवाने कोणी जखमी झालं नाही. अटक झालेल्यांपैकी एकाने जिलेटिनच्या कांड्यांसह केलेली रील इन्स्टाग्रामवर टाकली होती. म्हणून आधी बोलायचं ते धमकीच्या नोंदीबद्दल.

पोलीस ठाण्यात तोंडी सांगून परत येऊ नका. पोस्टची लिंक, खात्याचं नाव आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. व्हिडिओ मूळ स्वरूपात जपून ठेवा, पण निषेध म्हणूनही तो गटागटांत फिरवू नका. त्याने द्वेषाचाच प्रसार होतो. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. धर्माच्या नावावर वैर वाढवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये येतं, धर्मभावना मुद्दाम दुखावणं कलम २९९ मध्ये. दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना ते थेट नोंदवता येतात. ठाण्यात नोंद झाली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. ‘आधी सरकारची मंजुरी आणा’ असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. ती मंजुरी न्यायालयाने खटल्याची दखल घेण्यासाठी लागते, गुन्हा नोंदवण्यासाठी नाही. द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना दिला आहे.

आता कॅमेरे. ते खूप उंच लावले की फक्त टोप्या आणि डोकी दिसतात. दारावरचा एक तरी कॅमेरा सात-आठ फुटांवर, चेहऱ्याच्या रोखाने हवा. मागची भिंत आणि वजूखान्याकडची (नमाजाआधी हातपाय धुण्याच्या जागेकडची) बाजू बहुतेक ठिकाणी सुटते, आणि रात्री आत शिरणारा तिथूनच शिरतो. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, इमामसाहेबांच्या टेबलावर उघडा ठेवला तर हल्लेखोर तोच उचलून नेतो. तो कुलूपबंद कपाटात ठेवा आणि वीज गेली तरी चालेल असा यूपीएस जोडा. चार कॅमेरे प्रत्येकी दोन एमबीपीएसने सतत चालले, तर १ टीबीची हार्ड डिस्क साधारण ११ ते १२ दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. महिनाभराचं चित्रण हवं असेल तर ४ टीबीची घ्या. डीव्हीआरचं घड्याळ दर महिन्याला तपासा, नाहीतर चुकीच्या वेळेवरून न्यायालयात वाद होतो.

फजरसाठी, म्हणजे पहाटेच्या नमाजासाठी, दार उघडायला एकट्या मुअज्जिनला (अजान देणाऱ्याला) पाठवू नका. दोघांनी जावं, आधी बाहेरून फेरी मारावी. जुम्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाला, दुसरं दार कुलपात नको आणि त्याच्यापुढे चपलांचा ढीगही नको.

मिरवणुकीचा दिवस वेगळा. बांधकामाच्या विटा, खडी, फुटक्या फरशा गच्चीवरून आठवडाभर आधी उतरवा आणि त्या दिवशी गच्चीला कुलूप लावा. मिरवणूक मशिदीसमोर किती वाजता येणार, तिथे थांबणार का, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांशी समोरासमोर ठरवा आणि ठरलेलं पोलिसांना लेखी द्या.

हे बोलणं आधीची ओळख असेल तरच जमतं. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथे उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतली साधी माणसं होती. मग १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आमच्या मते कुठल्याही उपकरणापेक्षा हा अनुभव मोलाचा आहे. सणाच्या तोंडावर बोलावलेल्या शांतता समितीत मात्र तेच ते प्रतिष्ठित चेहरे येतात, आणि अफवा जिथे पिकते त्या गल्लीपर्यंत त्यांचा शब्द पोहोचत नाही.

मशीद दाखवण्याचा कार्यक्रम ठेवाल तेव्हा शेजारच्या दहा-बारा घरांना, बायकांनाही, नाव घेऊन बोलवा. भाषण नको. असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज पाहू द्या आणि अजानचा अर्थ मराठीत सांगा. मग प्रश्नांना भरपूर वेळ ठेवा, अवघड प्रश्नांनाही.