आमची वाटचाल : पुण्यातून सँडहिल्सच्या गुरांचे हिशेब

आम्ही पुण्यात बसून अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या सँडहिल्स या गवताळ टेकड्यांच्या भागातल्या गुरांचे हिशेब ठेवतो. चेरी काउंटी ही त्या राज्यातली सर्वांत मोठी काउंटी. वस्ती विरळ, गवत अमाप, आणि गाय-वासरू हाच मुख्य धंदा. तिकडचे अकाउंटंट बुककीपिंग आणि शेड्यूल एफची (शेतीच्या नफा-तोट्याचा अमेरिकी कर-फॉर्म) तयारी आमच्याकडे सोपवतात. करदात्याची माहिती अमेरिकेबाहेर पाठवायला तिथल्या करकायद्याच्या कलम 7216 नुसार त्याची लेखी संमती लागते. सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला ओळख क्रमांक) झाकूनच कागद इकडे येतात. 2020 पर्यंत आमच्या खात्यांत फक्त डॉलर होते. कोविडकाळातल्या सरकारी मदतीमुळे त्यांत जनावरांची मोजणीही आली.

सीएफएपी या कोविडकाळातल्या शेतकऱ्यांसाठीच्या अमेरिकी मदत योजनेत नुकसान किती झालं हे कुणी विचारत नव्हतं. कोणत्या तारखेला कोणत्या गटातली किती जनावरं तुमच्या मालकीची, एवढाच प्रश्न. पहिल्या फेरीत 15 जानेवारी ते 15 एप्रिल 2020 मध्ये विकलेल्या 600 पौंडांखालच्या फीडरला (पोसून वाढवण्यासाठी विकलेलं तरुण जनावर) 102 डॉलर, त्यावरच्याला 139. शिवाय 16 एप्रिल ते 14 मे या काळातल्या सर्वाधिक साठ्यावर जनावरामागे सरसकट 33 डॉलर. वसंतात वासरांची संख्या रोज वाढत असते, त्यामुळे 14 मेची मोजणी बहुतेकांना फायद्याची. 300 गाई आणि 280 वासरं असतील तर 580 × 33, म्हणजे 19,140 डॉलर. दुसऱ्या फेरीत जनावरामागे 55 डॉलर झाले, पण पैदाशीच्या गाई वगळल्या. तोच कळप, आता फक्त 280 × 55, म्हणजे 15,400. पहिल्या अर्जाचा आकडा उचलून दुसऱ्यात टाकला की घोळ इथेच.

लिलावाची पावती नीट वाचायची. 62 गोऱ्हे, एकूण 36,890 पौंड : सरासरी 595. ‘सहाशेच धरा’ म्हणण्याचा मोह होतो, कारण फरक जनावरामागे 37, एकूण 2,294 डॉलरचा असतो. पण योजना राबवणाऱ्या फार्म सर्व्हिस एजन्सीने पडताळणीला कागद मागितले, तर हीच पावती पुढे ठेवायची असते. जोडीला ब्रँड तपासणीचा दाखला ठेवावा. डागणीची खूण कुणाची, हे त्यावरून कळतं. उन्हाळ्यात चराईच्या पैशांवर सांभाळलेली दुसऱ्याची जनावरं मोजायची नाहीत. गुरं वडिलांच्या नावावर, लिलावाचा चेक एलएलसीच्या (मर्यादित दायित्वाची कंपनी) नावावर, असा प्रकार असेल तर अर्ज भरण्याआधी मालकी निस्तरावी.

सीएफएपीच्या मदतीची मर्यादा प्रत्येक व्यक्तीला किंवा संस्थेला 2,50,000 डॉलर होती. एलएलसीला 7,50,000 पर्यंत, पण त्यासाठी तीन सदस्यांनी प्रत्येकी किमान 400 तास प्रत्यक्ष श्रम किंवा व्यवस्थापन केलेलं असावं लागे. आमच्या मते ही सवलत मोठ्यांच्याच सोयीची. लहान रँचला त्या आकड्याचा वारासुद्धा लागला नाही.

लहानांची खरी अडचण पीपीपी कर्जात (कोविडकाळातलं, अटी पाळल्यास माफ होणारं सरकारी कर्ज) झाली. आधी कर्जाच्या रकमेचा हिशेब शेड्यूल एफच्या ओळ 34 वरच्या निव्वळ नफ्यावर होता. घरच्या पैदाशीच्या गाईंची विक्री फॉर्म 4797 या वेगळ्या कर-फॉर्मवर जाते, यंत्रांचा घसारा मात्र शेड्यूल एफमध्येच बसतो. त्यामुळे बऱ्यापैकी चाललेली रँचही कागदावर तोट्यात दिसायची आणि मालकाच्या वाट्याची रक्कम शून्यावर यायची. डिसेंबर 2020 च्या कायद्याने ओळ 9, म्हणजे ढोबळ उत्पन्न, धरायला मुभा दिली. पगारी माणूस नसलेल्यालाही 20,833 डॉलरपर्यंत कर्ज मिळू लागलं.

करात मात्र दोन्हींची गल्लत नको. माफ झालेलं पीपीपी करमुक्त. सीएफएपी करपात्र, शेड्यूल एफच्या ओळ 4ए आणि 4बी वर, आणि त्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट करही (स्वतःचा धंदा करणाऱ्यांचा सामाजिक सुरक्षा कर). रोखीच्या पद्धतीत पैसे हाती आले ते वर्ष धरायचं. पहिल्या फेरीचे सुरुवातीला 80 टक्केच आले, उरलेले त्याच वर्षी नंतर. 2021 मध्ये जनावरामागे जी भर आली (600 पौंडांखालच्या फीडरला 7, ‘इतर गुरे’ गटातल्या गाईला 17.25), ती नवा अर्ज न करताच जमा झाली. बँकेच्या उताऱ्यात ती अचानक दिसते आणि नवखा बुककीपर तिला खुशाल गुरांच्या विक्रीत टाकून मोकळा होतो.

आता आमच्या प्रत्येक रँचच्या खात्यात दर महिन्याला गाई, कालवडी, वळू, 600 च्या खालची आणि वरची वासरं, जन्म, मृत्यू, खरेदी-विक्री असे रकाने भरले जातात. मालक गुरं मोजतो, फोटो पाठवतो, नोंद इथे होते. काउंटीच्या पूर्व भागाचं आणि पश्चिम भागाचं घड्याळ एका तासाने वेगळं आहे, तेवढं फोन करताना सांभाळावं लागतं.