तुम्ही विचारलंत म्हणून: टेकडीवरची फुलं आम्ही का उपटतो

"अहो, एवढी छान फुलं उपटता कशाला?" सप्टेंबर उजाडला की पुण्यात तळजाई टेकडीच्या पायवाटेवर हा प्रश्न ठरलेला. कधी फिरायला आलेले आजोबा विचारतात, कधी केशरी फुलांत उभं राहून फोटो काढणारी मुलं. आमच्या हातात उपटलेल्या कॉसमॉसच्या जुड्या, कोपरापर्यंत चिखल. चढावर उभ्या उभ्या धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर देते.

कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. शोभेसाठी बागेत आणलेला, तिथून सुटून टेकडीवर आलेला. पण केवळ परका म्हणून मी कुणाला उपटत नाही. मिरची, पेरू, सीताफळही तिकडचीच आणि तिन्ही मला प्रिय आहेत. तक्रार आहे ती त्याच्या वागण्याबद्दल. पहिल्या पावसात उगवतो आणि ऑगस्टपर्यंत कमरेला लागतो, तोही इतका दाट की खालच्या गवताला ऊन मिळत नाही. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. डिसेंबरपर्यंत वाळून त्याच्या काड्या होतात आणि उतार उघडा पडतो.

पटत नसेल तर पावसानंतर स्वतः करून बघा. कॉसमॉसला बुंध्याशी धरून ओढलं की तो अलगद हातात येतो, मुळाशी जेमतेम मूठभर माती. शेजारचा मारवेल गवताचा ठोंब ओढा. पाती तुटतील, हात कापेल, ठोंब हलणार नाही. वरून वाळला तरी त्याची मुळांची जाळी वर्षभर जमिनीत असते. आमच्या टेकड्यांवर मातीचा थर वीतभरसुद्धा नाही, खाली मुरूम आणि काळा पाषाण. तो थर या जाळीनं धरलेला आहे. ती गेली की माती पावसाबरोबर खाली.

खाली म्हणजे कुठं? तळजाईच्या पूर्व उतारावरचं पाणी आंबिल ओढ्याला जातं. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो, नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या कात्रज तलावातून सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री तो काय करू शकतो हे शहरानं पाहिलं. पुणे परिसरात त्या पुरानं २०हून अधिक माणसांचा जीव घेतला. आमचं गवत असतं तर तो पूर आला नसता, असं मी म्हणणार नाही. पाऊसच तसा होता, आणि ओढ्याचं पात्र आवळत नेणं, डोंगर फोडणं ही वेगळी, मोठी पापं आहेत. पण पाणी उतारावर थोडं थांबणं, मुरणं आणि माती सोडून खाली जाणं एवढं तरी गवताच्या हातात असतं. नदी वाचवायची तर काठावरचं प्लॅस्टिक वेचून भागत नाही, वरच्या उतारांकडेही बघावं लागतं.

दुसरा प्रश्न गिरिपुष्पाचा, म्हणजे ग्लिरिसिडियाचा. तळजाईवर दिसणाऱ्या हिरवाईत या झाडाचा वाटा मोठा. काही दशकांपूर्वी वन विभागानं ते लावलं, आणि त्या वेळचं त्यांचं गणित मला अगदी चूक वाटत नाही: टेकड्या बोडक्या होत्या आणि हे झाड पाण्याविना, राखणीविना वाढतं. फांदी खोचली तरी जगतं. आता त्याच्याखाली गवत नीट येत नाही, आणि इथला पळस, मेडशिंग, हेंकळ, धावडा यांना जागा उरत नाही. तरीही मोठी झाडं आम्ही तोडत नाही. तो अधिकार आमचा नाही, आणि एकदम तोडली तर उतार पुन्हा बोडका. वन विभागाच्या परवानगीनं आम्ही त्याची पिल्लं उपटतो, घाणेरी मुळासकट खणतो आणि मोकळ्या जागी इथल्या झाडांच्या बिया टोकतो. रोपं दुधाच्या पिशव्यांत, आपापल्या गॅलरीत वाढतात. माझ्या घरी सध्या पाय ठेवायला जागा नाही.

यात माझं सगळ्यात लाडकं काम कुसळीचं. हे डोंगरउतारावरचं गवत, कपड्यांना टोचतं म्हणून सगळे शिव्या देतात. त्याच्या बीला लांब पिळदार शेपूट असतं. एक बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका. शेपटाचा पीळ सुटू लागतो, बी गरगर फिरतं. जमिनीवर असलं तर असंच फिरत, अणकुचीदार टोकानं मातीत घुसतं. स्वतःची पेरणी स्वतःच करतं. आम्ही हिवाळ्यात ही कुसळं गोळा करतो आणि पावसाआधी उघड्या उतारावर पसरतो. अर्थात मध्ये कुणी वणवा लावला नाही तर. म्हणून पावसाळा संपला की वनरक्षकांबरोबर जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवताविना मोकळे पट्टे, काढायच्या. कंटाळवाणं काम आहे, त्याला फोटोवाले येत नाहीत.

"मग आतापर्यंत किती झाडं लावलीत?" या प्रश्नाला माझ्याकडे आकडा नाही, आणि आकड्यांचा मला थोडा धसकाच आहे. २०१९मध्ये राज्यात ३३ कोटी रोपांची मोहीम झाली. अशा मोहिमांत कुठं काय लावायचं हे खड्डे खणून झाल्यावर आठवतं, आणि जित्या गवताळ माळावर कुदळ चालते. माळाला माळ राहू द्यावं, हे पटवायला मला कॉसमॉसपेक्षा जास्त वेळ लागतो.

यायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जुने बूट घाला. कुदळी आमच्याकडे आहेत. उपटलेल्या कॉसमॉसची मुळं मातीला टेकू न देता ढीग करायचा, म्हणजे पुन्हा धरत नाही. सोसायटीच्या बागेत तो लावलेलाच असेल तर बी धरायच्या आत फुलं खुडा, हवी तर देवाला वाहा. आणि मेअखेर पळसाखाली चपट्या शेंगा पडलेल्या दिसल्या तर पिशवीभर घेऊन या. टोकाशी एकच बी असतं, किडलेलं असेल तर तिथंच टाका.