जांभ्याच्या पाण्यावर आरओ मेंब्रेन टिकवताना: माझा अनुभव

गणपतीपुळे ते जयगड या किनारपट्टीवरील हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या काचा धुण्याचे काम मी करतो. लांब फायबरच्या काठीच्या टोकाला ब्रश असतो, त्यातूनच शुद्ध पाणी काचेवर सोडायचे, घासायचे, खंगाळायचे आणि काच न पुसता तशीच सुकू द्यायची, अशी ही पद्धत आहे. पुसणे नसल्यामुळे पाण्यात विरघळलेले क्षार काचेवरच सुकतात आणि डाग दिसतो. म्हणून पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भाग) खाली, शक्यतो शून्याजवळ ठेवावा लागतो. माझ्याकडे त्यासाठी पाच मायक्रॉनची गाळणी, मग क्लोरिन शोषणारा कार्बन, मग समांतर जोडलेली दोन 4040 आरओ मेंब्रेन (दाबाने पाणी पार करून क्षार अडवणारे पडदे; चार इंच व्यास, चाळीस इंच लांबी) आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषणारे रेझिन अशी मांडणी आहे. ही यंत्रणा मी वापरलेली विकत घेतली होती. उन्हाळा वाढू लागला तसे रेझिन इतक्या झपाट्याने संपू लागले की कामाचा नफा रेझिनमध्येच जिरत होता.

रेझिन लवकर संपते याचा अर्थ बहुधा मेंब्रेन क्षार अडवत नाही असा असतो. मी यंत्र काही वेळ चालू ठेवून मगच मोजमाप घेतले, कारण बंद असताना मेंब्रेनच्या एका बाजूचे क्षार हळूहळू दुसऱ्या बाजूला झिरपतात आणि सुरुवातीच्या पाण्याचा आकडा उगाचच वाईट दिसतो. आत येणारे पाणी 640 पीपीएम होते आणि एकत्रित शुद्ध पाणी 75 च्या आसपास, म्हणजे क्षार अडवण्याचे प्रमाण जेमतेम 88 टक्के. चांगले मेंब्रेन 95 ते 98 टक्के क्षार अडवते. मग दोन्ही हाउसिंगच्या (मेंब्रेन बसवलेल्या नळकांड्यांच्या) नळ्या वेगळ्या करून मोजले, तेव्हा एकाच यंत्रात दोन निराळे आजार निघाले. पहिल्या मेंब्रेनचे पाणी 26 पीपीएम, म्हणजे ठीक, पण धार बारीक झालेली. दुसऱ्याचे पाणी 110 पीपीएम आणि धार मात्र नव्या मेंब्रेनपेक्षाही जोरकस. जास्त पाणी देणारे मेंब्रेन पाहून आनंद होण्यासारखे काही नसते. ओ-रिंग (सांध्यातील रबरी कडी) फाटली असली तरी असे होऊ शकते, म्हणून आधी झाकण उघडून ती पाहिली. ती शाबूत होती, ग्लिसरीन लावून परत बसवली (पेट्रोलियम जेली तिथे चालत नाही), आणि आकडा जागचा हलला नाही. धार वाढणे आणि क्षार निसटणे हे दोन्ही एकदम घडले की संशय क्लोरिनवर जातो.

येथील पाण्याचा स्वभाव जाणल्याशिवाय हे उलगडत नाही. जांभ्यातील विहिरींचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे देशावर मेंब्रेनवर चुन्याचा जो थर बसतो तो आमच्याकडे फारसा बसत नाही; आमच्याकडे येते ते लोह. खाडीजवळच्या विहिरींत एप्रिल-मे महिन्यांत खारे पाणी शिरते आणि टीडीएस काही पटींनी चढतो. शिवाय ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरिनची ब्लीचिंग पावडर टाकते, विशेषतः पावसाच्या तोंडावर. आरओच्या पॉलिअमाइड (एक प्रकारचे प्लास्टिक) मेंब्रेनला क्लोरिन अजिबात सोसत नाही, आणि पाण्यात लोह असले तर ते क्लोरिनची झीज आणखी वेगाने घडवून आणते. लोह आणि टीसीएल ही जोडी आमच्या गावोगावी एकाच विहिरीत नांदते.

क्लोरिनने खाल्लेले मेंब्रेन कोणत्याही रसायनाने पूर्ववत होत नाही, म्हणून दुसरे बदलण्याचेच ठरवले. पहिल्याच्या तोंडाशी तांबूस, बुळबुळीत थर होता, म्हणजे लोह आणि जिवाणूंची वाढ दोन्ही. अशा वेळी आधी अल्कलीने आणि नंतर आम्लाने धुणे योग्य ठरते. उलट केले तर बुळबुळीत थर अधिक घट्ट होण्याची भीती असते. पिंपात आरओचेच पाणी घेऊन त्यात कॉस्टिक सोडा पीएच 11 ते 12 च्या दरम्यान येईल इतपतच विरघळवला, हातमोजे आणि चष्मा घातला, आणि पंपाने कमी दाबावर, नेहमीच्याच दिशेने ते फिरवले. दाब कमी हवा, नाहीतर सुटलेला मळ पुन्हा मेंब्रेनवर दाबला जातो. पहिले परतलेले गढूळ पाणी पिंपात न घेता टाकून दिले, मग थोडा वेळ भिजू देऊन पुन्हा फिरवले आणि स्वच्छ पाण्याने पूर्ण निचरा केला. त्यानंतर दोन टक्के सायट्रिक ॲसिड, म्हणजे शंभर लिटरला दोन किलो, त्याच रीतीने. पाणी लगेच विटकरी-पिवळे झाले आणि ते फिकट येईपर्यंत काम सुरू ठेवले. धार बरीचशी परत आली, पण नव्याइतकी नाही.

आता निगेचा मोठा भाग मेंब्रेनच्या आधी होतो. बोअरचे पाणी थेट घेत नाही. टाकीत हवा लागून लोह खाली बसते, म्हणून टाकीच्या तळापासून वर असलेल्या तोटीतून घेतो. कार्बनच्या पुढच्या पाण्यात ओटी टेस्ट (क्लोरिन उरला आहे का ते दाखवणारी चाचणी) करतो. कार्बनच्या आधी करून काही कळत नाही. आमचे जलसुरक्षक (ग्रामपंचायतीचे पाणी शुद्धीकरण पाहणारे) आता विहिरीत पावडर टाकायच्या आदल्या दिवशी फोन करतात, “दादा, उद्या टीसीएल हां,” आणि मी ते दोन दिवस साठवलेल्या पाण्यावर भागवतो. एक गोष्ट मात्र मेंब्रेनने सुटत नाही: आम्लधर्मी विहिरीच्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइड मेंब्रेनमधून आरपार जातो आणि रेझिन खातो, आणि टीडीएस मीटरवर त्याचा पुरता अंदाज येत नाही. आरओचे पाणी टाकीत फवाऱ्याने पाडून मगच रेझिनकडे नेले तर हा वायू थोडा उडून जातो. रिजेक्टचे, म्हणजे अडवलेले क्षार घेऊन मेंब्रेनमधून बाहेर पडणारे पाणी माडांना देतो, पण उन्हाळ्यात आंब्याच्या कलमांना नाही, कारण तेव्हा ते फारच खारट असते.

पावसाळ्यात काम थंडावते, आणि मेंब्रेन सुकू देणे म्हणजे ते गमावणे. त्यामुळे स्वच्छ धुऊन एक टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात हवा न राहता बंद करून ठेवतो. आंब्याच्या रसाला आणि सरबतांना टिकाऊपणासाठी याच कुळातील पोटॅशियमचा क्षार वापरतात, त्यामुळे फळप्रक्रियेच्या सामानाच्या दुकानात विचारले की खाण्यायोग्य दर्जाचा माल मिळतो. हे द्रावण कालांतराने आम्ल होत जाते, म्हणून मध्ये पीएच तपासतो आणि 3 च्या खाली जाण्याआधी बदलतो. गणपतीच्या आधी बंगलेवाल्यांचे फोन सुरू होतात, तेव्हा द्रावण काढून भरपूर पाण्याने धुतो, पहिले शुद्ध पाणी गटारात सोडतो, आणि दोन्ही मेंब्रेनचे टीडीएस, दाब आणि पाण्याचे तापमान वहीत लिहितो. तापमान लिहायचे कारण इतकेच की एक अंश सेल्सिअसने पाण्याची धार सुमारे तीन टक्क्यांनी बदलते. दुपारी तापलेल्या टाकीतील पाण्याचा आकडा पहाटेच्या आकड्याशी तसाच ताडून पाहिला तर धुण्याची वेळ आली आहे की नाही, हे समजणार नाही. तापमानाचा हिशोब धरूनही धार दहा टक्क्यांनी उतरली की मी पुन्हा पिंप भरतो.